आत्याचं वाक्य

आमची आत्या लघुपटांत मरते. हे मी कुणालाही पहिल्यांदा सांगितलं की समोरचा आधी ‘अरेरे’ म्हणतो आणि मग ‘म्हणजे?’ असं विचारतो. म्हणजे असं, की आमच्या शहरात सिनेमा शिकवणारी एक संस्था आहे. तिथल्या मुलांना शिकता शिकता लघुपट करावा लागतो. लघुपट म्हटला की त्यात म्हातारं माणूस लागतं, म्हातारं माणूस आलं की ते शेवटी मरावंच लागतं, आणि त्या संस्थेच्या मागच्याच गल्लीत आमची आत्या राहते. खिडकीला छान उजेड, खिडकीपाशी वेताची खुर्ची, आणि खुर्चीत मरायला कायम तयार अशी बाई. वर चहा-बिस्किटं. त्या मुलांना आणखी काय हवं?

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, कारण विचारलं तर म्हणायची, ‘लाइन बिझी होती.’ सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. तेव्हा फोन आपला आपण लागत नसे. आधी एक्स्चेंजमधली बाई उचलायची, तिला नंबर सांगायचा, मग ती पिना इकडच्या तिकडे खोचून जोडून द्यायची. आमच्या शहरापुरती ती बाई म्हणजे आत्या. ‘बोला, कुठे जोडू?’ हे तिचं वाक्य साऱ्या शहराला पाठ होतं. चेहरा मात्र कुणाच्या ओळखीचा नव्हता. दुकानात ती रांगेत उभी असली तर तिला कुणी पुढेसुद्धा सरकू देत नसे, पण ‘अर्धा किलो साखर द्या’ एवढं म्हणाली की दुकानदार माप हातात धरून वर बघत राहायचा. आवाज ओळखीचा आणि माणूस अनोळखी, त्यामुळे त्याची पंचाईत व्हायची.

एक्स्चेंजमधल्या सुपरवायझरबाईंचा एक कडक नियम होता. घंटी तिसऱ्यांदा वाजता कामा नये. तिसऱ्यांदा वाजली तर ती मुलगी झोपली आहे किंवा मेली आहे, असं त्या समजत, आणि मेली असेल तरच माफ करत. हा नियम आत्याच्या हाडात इतका मुरला की पुढे यंत्रं आली, जोडून देणाऱ्या बायकांची गरज संपली, आत्याला एका कोपऱ्यात बसवून शिक्के मारायला लावलं, ती निवृत्तही झाली, तरी शेजारच्या घरात फोन वाजला की हिचा हात आपोआप उठायचा. शेजारी बाहेरगावी गेले की बिचारीचे फार हाल व्हायचे.

तर तिच्या मरणाला सुरुवात केली ती एका दाढीवाल्याने. तो खिडकीतला उजेड बघून आत आला आणि तिला म्हणाला, ‘आजी, तुम्ही फक्त बाहेर बघा.’

‘आजी नको, आत्या म्हण. कशाकडे बघू?’

‘शून्याकडे.’

‘ते कुठल्या बाजूला आहे? डावीकडे संडासाच्या टाक्या आहेत.’

दाढीवाल्याने टाक्यांकडे बघायला सांगितलं. मग म्हणाला, ‘आता तुम्ही मरता.’

‘कशाने?’

‘कशाने म्हणजे... आतून मरता तुम्ही.’

‘ते ठीक आहे रे, पण आतून मेल्यावर बाहेरून काय करू?’

दाढीवाला दाढी खाजवायला लागला, म्हणून आत्याने स्वतःचं डोकं चालवलं. एक्स्चेंजमध्ये तिच्या शेजारी बसणारी बाई दुपारच्या पाळीला डुलकी काढायची. आधी मान डावीकडे कलायची, मग चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर यायचा, आणि सगळ्यात शेवटी उजवा हात खुर्चीवरून खाली लोंबायचा. आत्याने तीच डुलकी जशीच्या तशी काढली. दाढीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याला तेवढं एकच मरण येत होतं, आणि पुढे सगळ्यांसाठी ती तेच मेली.

त्या लघुपटाचं नाव ‘शून्याचा उंबरठा’. संस्थेतल्या कुणाला कळू न देता त्याने तो एका भाड्याच्या हॉलमध्ये पहिल्यांदा दाखवला तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. माझे वडील बहिणीच्या शेजारीच बसले होते. पडद्यावर आत्याची मान कलली, चष्मा घसरला, हात लोंबला, आणि बाबा ताडकन उठून ओरडले, ‘अरे, पाणी आणा कुणीतरी!’ शेजारी बसलेली आत्या त्यांचा सदरा ओढत ‘दादा, मी इथे आहे, इथे आहे’ म्हणत होती, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांना धरून बाहेर न्यावं लागलं. व्हरांड्यात गल्लीतली मुलं खिदळत होती. बाबांचा चेहरा आधी पांढराफटक होता, तो लाल झाला.

‘जिवंत बहिणीचं मरण बघायला बोलावलंस मला?’ ते आत्याला म्हणाले. ‘आता ऐक. ज्या दिवशी तू पडद्यावर तोंड उघडून बोलशील, त्या दिवशी मी तुझ्याशी बोलेन. तोपर्यंत मेलेल्या माणसाशी मला काही बोलायचं नाही.’

आमच्या घराण्यात हट्टाला तोटा नाही. बाबांनी खरंच बोलणं सोडलं. रोज सकाळी चहाला आत्याकडे जायचे, तिच्याच हातचा चहा प्यायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, ‘तिला सांग, साखर कमी आहे.’ आत्या माझ्याकडे बघून म्हणायची, ‘दादाला सांग, डॉक्टरने कमी घालायला सांगितली आहे.’ दोघांच्या मध्ये बसून मी एकाचं दुसऱ्याला जोडून देत होते. गंमत वाटायची सुरुवातीला, पण नंतर नंतर माझ्या लक्षात आलं की बाबा निघून गेले की आत्या त्यांची कपबशी बराच वेळ विसळत बसते.

तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला. मला एक वाक्य द्या.

मरायला तिची ना नव्हती. मरण्याआधी एकदा तोंड उघडून काहीतरी म्हणू द्या, एवढंच तिचं मागणं. दुसरा आला तो टोपीवाला. उन्हाळ्यातसुद्धा लोकरीची टोपी घालायचा. त्याने वाक्य कबूल केलं, चित्रितही केलं, आणि संकलनात कापून टाकलं. वर तिलाच समजावलं, ‘आत्या, तुमचं मौन इतकं बोलतं ना, की शब्दांची गरजच उरत नाही.’

आत्या मला म्हणाली, ‘माझं मौन बोलतं म्हणे. मी बोलते ते कापतात आणि मी बोलत नाही ते ठेवतात. एक्स्चेंजला असं केलं असतं तर लोकांनी दगड मारले असते.’

यातली खरी मेख वेगळीच होती. या मुलांतल्या प्रत्येकाने आत्याकडून वचन घेतलं होतं, की आपल्या लघुपटाबद्दल संस्थेतल्या दुसऱ्या कुणालाही सांगायचं नाही, नाहीतर कल्पना चोरीला जाते. आत्याने हयातभर लोकांची बोलणी जोडली, पण इकडचा शब्द तिकडे केला नाही. तिच्याकडून ही गोष्ट फुटणं शक्यच नव्हतं. टोपीवाला आत कॅमेरा लावत असताना दाढीवाला सहज चहाला आला, तर हिने त्याला दारातच ‘आज पाहुणे आहेत’ सांगून परत पाठवलं. त्यामुळे प्रत्येकाची अशी ठाम समजूत होती की ही खिडकी, ही खुर्ची आणि ही म्हातारी जगात फक्त आपल्यालाच सापडली आहे.

तिसरी आली ती झिपरी. हे नाव आत्यानेच ठेवलं, कारण त्या मुलीचे केस कंगव्याशी फारकत घेतलेले होते. ती मात्र सरळ पोरगी. खुर्चीत आत्याला बसवण्याआधी ती स्वतःच जमिनीवर बसली आणि म्हणाली, ‘आत्या, ही माझ्या आजीची गोष्ट आहे. मी वसतिगृहात होते. ती रोज माझ्या फोनची वाट बघायची. मी आज करते, उद्या करते म्हणत राहिले.’ पुढचं तिला सांगता येईना. आत्याने तिच्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला.

‘मरायचंय ना? मरते मी. पण मला एक वाक्य दे.’

झिपरीने वाक्य दिलं. म्हातारी खिडकीतून बघते आणि म्हणते, ‘आज फोन येईल.’ मग वाट बघता बघता खुर्चीतच जाते, आणि ती गेल्यावर फोन वाजतो. आत्याने त्या वाक्याचा इतका सराव केला की आमचं जगणं मुश्कील झालं. हसून म्हण, कण्हत म्हण, ‘आज’वर जोर, ‘येईल’वर जोर. दूधवाल्याला दार उघडून तिने ‘आज फोन येईल’ असं सांगितलं, तर तो बिचारा संध्याकाळपर्यंत आमच्या फोनची वाट बघत राहिला.

वाक्य झकास झालं. पंचाईत झाली ती मरणाची. आत्या ठरल्याप्रमाणे मेली, झिपरीने खूण केली, कोपऱ्यातला फोन वाजला, आणि दुसऱ्या घंटीला मेलेली आत्या उठून फोन उचलून म्हणाली, ‘बोला, कुठे जोडू?’

पुन्हा घेतलं. पुन्हा उठली. ‘अगं, कळतंय मला मी मेलेय ते,’ आत्या काकुळतीला येऊन म्हणाली, ‘पण हाताला कोण सांगणार?’ कानात कापूस घातला, तरी उठली. हात खुर्चीला बांधला, तर खुर्चीसकट उठली. शेवटी झिपरीने फोनची वायरच काढून टाकली. म्हणाली, ‘घंटी नंतर टाकू. तुम्ही शांतपणे मरा.’ मग कुठे आत्या सुखाने मेली.

त्या साली आमच्या शहरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होता. लघुपटांच्या स्पर्धेत देशोदेशींहून लघुपट आले होते, आणि आमच्या संस्थेचे तीन निवडले गेले. नुसते निवडले नाहीत, ते एकाच खेळात, एकामागोमाग एक ठेवले. आधी दाढीवाल्याचा ‘शून्याचा उंबरठा’, मग टोपीवाल्याचा ‘राखाडी’, मग झिपरीचा ‘आज येईल’.

आत्याने मला सांगितलं, ‘दादाला सांग, या वेळी मी बोलते.’

मी बाबांना सांगितलं. बाबा वर्तमानपत्रात डोकं घालून म्हणाले, ‘तिला सांग, बघू.’ पण त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आमच्या आधी तयार होऊन बसले होते. थिएटरात मात्र आमच्याबरोबर बसले नाहीत. अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरली. पळायची सोय.

व्हरांड्यात गळ्यात कार्डं अडकवलेल्या माणसांची ही गर्दी. दाढीवाल्याने आत्याला बघितलं आणि धावत आला. ‘आत्या! माझ्यासाठी आलात!’ तेवढ्यात दुसरीकडून टोपीवाला आला. ‘आत्या! कळवायचंत तरी!’ दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनी तिसरीकडून येणाऱ्या झिपरीकडे बघितलं, आणि तिघांचे चेहरे एकदमच उतरले.

‘आत्या,’ दाढीवाला हळू आवाजात म्हणाला, ‘तुम्ही यांच्यातही...?’

‘मेले,’ आत्या म्हणाली. ‘तू सांगू नको म्हणाला होतास ना? मी कुणालाच सांगितलं नाही.’

आत जाताना झिपरी आत्याच्या नजरेला नजर देत नव्हती. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. ती आत्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि नखं खायला लागली.

पहिला लघुपट सुरू झाला. आत्याने संडासाच्या टाक्यांकडे इतक्या करुणपणे बघितलं की पुढच्या रांगेतली बाई नाक पुसायला लागली. मान, चष्मा, हात. टाळ्या पडल्या. दुसरा सुरू झाला. तीच खिडकी, तीच खुर्ची, तीच म्हातारी. ‘अरे, ही आत्ताच गेली ना?’ कुणीतरी मागून म्हणालं. मान कलली तसा थोडा हशा झाला, चष्मा घसरला तसा वाढला. टोपीवाल्याने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

तिसरा सुरू झाला आणि खिडकी दिसताच सगळं थिएटर हसलं. आत्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने माझा हात धरला होता. ‘आता येईल हं माझं,’ ती कुजबुजली. पडद्यावर ती खिडकीशी आली, बाहेर बघितलं, ओठ जरासे हलल्यासारखे झाले, आणि दृश्य बदललं.

वाक्य नव्हतं.

‘सरांनी काढायला लावलं,’ झिपरी दोन्ही हातांत तोंड लपवून म्हणाली. ‘आत्या, मला सांगायचा धीर झाला नाही.’

 आत्याने मागे वळून शेवटच्या रांगेकडे बघितलं. बाबा उभे राहिले होते. मला भयंकर राग आला, त्या पोरीचा, तिच्या सरांचा, हसणाऱ्या लोकांचा आणि सगळ्यात जास्त माझ्या बापाचा. दोन मिनिटं बसवत नव्हतं त्यांना. पडद्यावर आत्या खुर्चीत बसली, आणि पुढे काय होणार हे आता सगळ्या थिएटरला ठाऊक होतं. मान कलली तशी लोकांनी आरोळी ठोकली, ‘चष्मा!’ चष्मा घसरला. ‘हात!’ हात लोंबला. हसून हसून लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. आपल्या आजीच्या मरणावर चारशे माणसं हसताना ऐकून झिपरी हमसाहमशी रडत होती. बाबांनी दार ढकललं.

आणि फोन वाजला.

वायर काढली होती, घंटी नंतर टाकली होती, त्यामुळे आत्या ती पहिल्यांदाच ऐकत होती. एकदा वाजली. पडद्यावरची म्हातारी हलली नाही. दुसऱ्यांदा वाजली. माझ्या हातातला आत्याचा हात ताठ झाला. तिसरी घंटी सुरू व्हायच्या आत ती उभी राहिली आणि साऱ्या शहराला पाठ असलेल्या त्या आवाजात, भर थिएटरात, खणखणीत म्हणाली,

‘बोला, कुठे जोडू?’

हसू जागच्या जागी थांबलं. सगळ्यांनी माना वळवल्या. पडद्यावर मेलेली बाई सहाव्या रांगेत चष्मा सावरत उभी होती. पडद्यावरची घंटीसुद्धा नेमकी तेव्हाच थांबली, कारण झिपरीने ती तेवढीच टाकली होती. कुठूनतरी एक म्हातारा आवाज आला, ‘अरे देवा, एक्स्चेंजवाल्या बाई!’ आणि मग अगदी मागून, दाराजवळून, दुसरा आवाज आला. घोगरा. मला तो ओळखायला क्षणभर वेळ लागला.

‘बाई, माझी बहीण जिवंत आहे का, जरा बघून सांगता?’

आत्याने वळून अंधारात बघितलं. तिचा आवाज थोडा हलला, पण नोकरीतल्या बाईने हलू द्यावा तेवढाच.

‘आहे हो,’ ती म्हणाली. ‘अधूनमधून मरते, तेवढंच.’

पुढे जे झालं त्याला टाळ्या म्हणत नाहीत. लोक उभे राहिले, ओरडले, पुढच्या रांगेतली बाई पुन्हा नाक पुसायला लागली. ज्यांनी कधीकाळी या आवाजाकडून जन्माच्या, परीक्षेच्या, लग्नाच्या बातम्या घेतल्या होत्या ती म्हातारी माणसं खुर्च्यांना धरत धरत तिच्याकडे यायला लागली, आणि चेहरा तेवढा बघून परत जायला लागली. झिपरी आत्याच्या गळ्यात पडून रडत होती. आत्या म्हणत होती, ‘अगं, उचलला ना फोन. उचलला मी. आता पूस डोळे.’

पहिलं बक्षीस झिपरीलाच मिळालं. परीक्षकांमध्ये एक परदेशी गृहस्थ होते. त्यांनी व्यासपीठावरून बरंच मोठं भाषण केलं आणि दुभाष्याने ते आम्हाला समजावलं, की पडदा आणि प्रेक्षागृह यांच्यातली भिंत इतक्या धाडसाने पाडणारी दिग्दर्शिका त्यांनी बघितलेली नाही, तीन लघुपटांतून एकच मृत्यू फिरवत नेण्याची योजना तर थक्क करणारी आहे, आणि मागच्या दारातल्या त्या वृद्ध नटाचा घोगरा आवाज म्हणजे कळस. दाढीवाला आणि टोपीवाला हे ऐकून असे मान डोलावत होते, जणू योजना त्यांचीच होती. झिपरीने प्रामाणिकपणे माइक हातात घेऊन सांगितलं, ‘मी काहीच केलेलं नाही. मी तर यांचं वाक्य कापलं होतं.’ परदेशी गृहस्थांनी या विनयाबद्दल पुन्हा टाळ्या वाजवल्या.

घरी परत येताना झिपरी आत्याला म्हणाली, ‘उद्याच्या उद्या तुमचं वाक्य परत घालते.’ घातलंही. आत्याने खुर्चीत बसून बघितलं, आणि तोंड वाकडं केलं.

‘काढून टाक गं. किती नाटकी म्हटलंय मी.’

मग दुसऱ्या देशांतल्या महोत्सवांची बोलावणी यायला लागली. सगळ्यांची अट एकच. लघुपट पाठवा, पण सोबत त्या बाई हव्यात, आणि मागच्या दारातले ते वृद्ध नटही हवेत. बाबा म्हणाले, ‘तिला सांग...’ आणि थांबले. मग पहिल्यांदा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तुला सांगतो, मी येईन. पण मरण बघणार नाही.’

आता त्यांचं असं ठरून गेलं आहे. नवं शहर, नवं थिएटर. आत्या सहाव्या रांगेत बसते. बाबा आत येत नाहीत. लघुपट सुरू झाला की बाहेर व्हरांड्यात पाण्याची बाटली घेऊन येरझाऱ्या घालतात आणि महोत्सवाच्या पोरांना विचारत राहतात, झालं का, मेली का. घंटी ऐकू आली की दार थोडंसं उघडतात, दाराची मूठ घट्ट धरून उभे राहतात आणि तोच प्रश्न विचारतात. लोकांना ती भाषा कळत नाही, पण थिएटर गप्प होतं. उत्तर काय येणार हे बाबांना चांगलं माहीत असतं, तरी ते येईपर्यंत दाराची मूठ ते सोडत नाहीत.

‘आहे हो,’ आत्या सांगते.

मग बाबा आत येतात आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसतात.